बंदुकीचा विमानप्रवास : परवाना, पेटी आणि शुल्क

आजोबांच्या काळातली दुनळी बंदूक गावच्या घरी आहे आणि नातू नोकरीनिमित्त गोव्यात स्थिरावला आहे, अशी कुटुंबे थोडी नाहीत. घर आवरताना, वाटण्या होताना किंवा परवानाधारकाचे वय झाल्यावर एक प्रश्न पुढे येतो : ही बंदूक विमानाने आणता येईल का? थोडक्यात उत्तर असे की, येईल. मात्र विमानकंपनीच्या खिडकीपर्यंत पोहोचण्याआधी कायद्याच्या दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांतली एखादी जरी चुकली, तरी प्रवास विमानतळावरून थेट पोलीस ठाण्याकडे वळू शकतो.

उदाहरणादाखल पांढुर्ण्याहून गोव्यापर्यंतचा प्रवास घेऊ. पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील नवा जिल्हा. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची निर्मिती झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील लोकांचे सोयरसंबंध, बाजार आणि इस्पितळे नागपूरला, तर कचेऱ्या मध्य प्रदेशात, अशी विभागणी आजही दिसते. विमानतळाचेही तेच. या भागाला जवळचा प्रवासी विमानतळ म्हणजे नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. म्हणजेच पांढुर्ण्याची बंदूक विमानात चढण्याआधीच एक राज्यसीमा ओलांडते आणि मोपा किंवा दाबोळीला उतरते तेव्हा तिसऱ्या राज्यात आलेली असते. कायद्याचा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो.

परवाना कोठवर चालतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या आधारे दिलेल्या प्रत्येक परवान्यावर त्याचे कार्यक्षेत्र लिहिलेले असते. ते एका जिल्ह्यापुरते, एका राज्यापुरते किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकते. शेतीच्या रक्षणासाठी घेतलेले जुने परवाने बहुधा मर्यादित क्षेत्राचे असतात. अशा परवान्यावर बंदूक घेऊन सीमेपलीकडच्या नागपुरात जाणे हाच परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो. अटभंगासाठी अधिनियमाच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी परवान्याची पुस्तिका उघडून कार्यक्षेत्राचा रकाना वाचणे आणि ते अपुरे असल्यास परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सामान्यतः जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, क्षेत्रवाढीचा अर्ज करणे, हे पहिले काम. परवान्याची मुदत आणि त्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला सरकारी भाषेत यूआयएन म्हणतात, तोही तपासून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे.

बंदूक आजोबांच्या नावावर असेल, तर प्रश्न आणखी मूळचा आहे. परवाना व्यक्तीला मिळतो. तो घराण्याकडे आपोआप चालत येत नाही. नातवाने आजोबांचा परवाना खिशात ठेवून त्यांची बंदूक नेणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे होय. शस्त्र नियमांत वारसांसाठी तरतूद आहे. परवानाधारकाचे निधन झाल्यावर, किंवा त्याच्या हयातीत त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. तो हाती येईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ठेवावे. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी : २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली असून वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते.

शिकारीची बंदूक, पण शिकार नाही

परदेशी विमानकंपन्यांच्या नियमांत ‘शिकारीची शस्त्रे’ असा स्वतंत्र वर्ग दिसतो, कारण तेथे परवान्याने शिकार चालते. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य भारताच्या जंगलांत परदेशी शिकारी येत आणि नागपूर हे त्यांच्या मोहिमांचे एक केंद्र होते. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली व्यवस्थाही संपवली. आज कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या विशिष्ट प्राण्याबाबत वनखात्याचा अधिकृत अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. सौंसरच्या संत्राबागांत रानडुकरांचा उपद्रव असो वा सत्तरीच्या काजूबागायतीत, बंदुकीचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गोव्यात बंदूक आणणाऱ्याने याच अधिनियमाचे कलम ३४ वाचावे. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वनखात्याकडे नोंदणी करावी लागते आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये पाहता राज्याच्या पूर्वेकडील पुष्कळ गावे या पट्ट्यात येतात. शिवाय परवानाधारक कायमचा किंवा तीस दिवसांहून अधिक काळ दुसरीकडे राहायला गेला आणि शस्त्र बरोबर नेले, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

विमानात काय चालते, काय नाही

विमान नियम, १९३७ मधील नियम ८ चे मूळ सूत्र मनाईचे आहे : परवानगीशिवाय विमानात शस्त्र, दारूगोळा वा स्फोटके नेता येत नाहीत. सवलती त्यानंतर येतात. प्रवाशाची बंदूक कधीही हातातल्या सामानात चालत नाही. ती नोंदवलेल्या सामानात, विमानाच्या पोटातील कप्प्यात, प्रवाशाचा हात पोहोचणार नाही अशा जागीच जाते. काडतुसांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली मर्यादा आहे : स्वतःच्या वापरासाठी, नीट बांधलेली, पेटीसह एकूण ५ किलोपर्यंतची काडतुसे, तीही विमानकंपनीच्या संमतीने. दोन प्रवाशांच्या मर्यादा एकत्र करून एकच दहा किलोचा डबा करता येत नाही. स्फोटक किंवा आगलावी गोळी असलेली काडतुसे तर पूर्णतः वर्ज्य. याहून कडक मर्यादा ठेवण्याचा अधिकार विमानकंपनीला आहे. त्यामुळे बंदुका किती आणि काडतुसे किती, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

गावाकडच्या वाचकांसाठी एक बाब अधिक महत्त्वाची आहे. ठासणीची बंदूक सुटी दारू आणि टोप्यांवर चालते. वरील सवलत फक्त तयार काडतुसांना आहे. सुटी दारू आणि टोप्या प्रवाशाच्या कोणत्याही सामानात चालत नाहीत. त्यामुळे ठासणीची बंदूक रिकामी नेता येईल. तिचे खाद्य मात्र विमानातून येणार नाही. छऱ्यांच्या बंदुकीचेही असेच गैरसमज असतात. ठरावीक शक्तीपेक्षा कमी, म्हणजे २० ज्यूलपर्यंतच्या आणि ०.१७७ व्यासापर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण म्हणून ती खांद्याला अडकवून विमानात जाता येत नाही. तीही नोंदवलेल्या सामानातच जाते.

विमानतळावर

बंदूक घरूनच पूर्ण रिकामी करून, शक्य असल्यास नळी व दस्ता वेगळे करून, कुलूप लागणाऱ्या कठीण पेटीत ठेवावी. काडतुसे वेगळ्या डब्यात बांधावी. विमानतळावर नेहमीपेक्षा बरेच आधी, किमान दोन-तीन तास अगोदर पोहोचावे आणि सामान यंत्रात टाकण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगावे. मूळ परवाना दाखवावा लागतो. मोबाइलमधील छायाचित्र त्याची जागा घेत नाही. बंदूक भरलेली नाही असे लेखी घोषणापत्र प्रवाशाकडून घेतले जाते आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांसमोर त्याची खातरजमा होते. या तपासणीला वेळ लागतो; उड्डाणाच्या तोंडावर आलेल्या प्रवाशाची बंदूक मागे राहण्याची शक्यता असते. उतरल्यावरही पेटी इतर सामानाबरोबर फिरत्या पट्ट्यावर येईलच असे नाही; ती कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून ओळख पटवून घ्यावी लागू शकते.

शुल्काचे गणित

खर्चाचे दोन भाग असतात. पहिला वजनाचा. दुनळी बारा बोअरची बंदूक साधारण तीन किलोची आणि तिची कठीण पेटी जवळपास तेवढ्याच वजनाची. काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचे. पन्नास काडतुसांचे अडीच किलोच्या आसपास होतात. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान मोफत असते. त्यातले आठ-नऊ किलो बंदूकच खाते. उरलेले कपडे मर्यादेबाहेर गेले तर किलोमागे जादा आकार पडतो.

दुसरा भाग हाताळणी शुल्काचा. अनेक कंपन्या शस्त्रासाठी वजनापलीकडे स्वतंत्र रक्कम आकारतात आणि ती मोफत सामानाच्या मर्यादेत बसली तरी माफ होत नाही. ही रक्कम कंपनीगणिक वेगळी असते आणि बदलत राहते, म्हणून तिकीट काढण्याआधीच विचारावे. विचारताना तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात : शुल्क प्रत्येक शस्त्रामागे आहे की प्रत्येक प्रवासामागे, मध्ये विमान बदलायचे असेल तर ते दुसऱ्यांदा पडते का, आणि दोन टप्पे वेगवेगळ्या कंपन्यांच्या तिकिटांवर असतील तर मधल्या विमानतळावर पेटी सोडवून पुन्हा नोंदवावी लागेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असल्यास मधल्या शहराच्या राज्यातही परवाना चालला पाहिजे. शक्यतो थेट विमान, किंवा निदान एकाच तिकिटावरचा प्रवास, हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग.

परदेशांत चित्र वेगळे आहे. अमेरिकेत कुलूपबंद कठीण पेटीतील रिकामी बंदूक खिडकीवर जाहीर केली की ती सहसा साध्या नोंदवलेल्या सामानासारखीच मोजली जाते. युरोपातील अनेक कंपन्या मात्र वेगळे शुल्क घेतात. भारतातून नियमितपणे शस्त्रासह उडणारा वर्ग म्हणजे नेमबाज. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. अशा प्रत्येक स्पर्धेमागे परवाने, पेट्या आणि सीमाशुल्काच्या कागदांचा असाच प्रवास असतो.

विसरलेले एक काडतूस

विमानतळांवर घडणारी पुष्कळ प्रकरणे बंदुकीची नसतातच. जुन्या पिशवीच्या कप्प्यात, कोटाच्या खिशात राहिलेले एखादे काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल प्रवाशाला स्थानिक पोलिसांच्या हवाली करते आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो. विनापरवाना दारूगोळ्यासाठी २०१९ नंतर किमान दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे तत्त्व सांगितले. त्या आधारे नकळत राहिलेल्या एकट्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केल्याची उदाहरणे आहेत. तरी तोवर विमान चुकलेले असते, वकिलाचा खर्च झालेला असतो आणि पारपत्र किंवा नोकरीच्या चारित्र्यपडताळणीत अडचण उभी राहिलेली असते. ज्या घरात बंदूक आहे, त्या घरातील कोणतीही जुनी पिशवी प्रवासाला निघताना उलटी करून झटकावी, हा सल्ला म्हणूनच क्षुल्लक नाही.

वारशाची बंदूक पांढुर्ण्यातच पोलीस ठाण्यात अथवा विक्रेत्याकडे ठेवायची, गोव्यात आणायची की परवाना परत करून विकायची, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाचा. आणायचीच ठरली, तर क्रम असा असावा : आधी स्वतःच्या नावे परवाना, मग तिन्ही राज्यांना पुरेल असे कार्यक्षेत्र, मग विमानकंपनीची लेखी संमती आणि शुल्काचा आकडा, आणि तिकीट सर्वांत शेवटी.