गाईला बर्ड फ्लूची लस द्यावी काय?

पक्ष्यांचा फ्लू गाईच्या कासेत शिरेल, असे दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर पशुवैद्यांनीही ते हसण्यावारी नेले असते. परंतु मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास व कॅन्सस या राज्यांतील दुभत्या गाईंत एच५एन१ हा विषाणू सापडला आणि ती समजूत मागे पडली. पुढील दीड वर्षात तेथील १,००० हून अधिक गोठे या रोगाने गाठले. भारतीय गोठ्यांतून तो असा पसरल्याची नोंद नाही. तथापि, ज्या देशात लक्षावधी कुटुंबांची मीठभाकर दोन-चार जनावरांच्या दुधावर चालते, तेथे हा प्रश्न संकट दाराशी येण्यापूर्वीच समजून घेतलेला बरा.

हा रोग गाईला सहसा मारीत नाही. तिचे खाणे मंदावते, दूध एकाएकी आटते, आणि जे निघते ते घट्ट व पिवळसर असते. व्यालेली नसतानाही गाय चीक देऊ लागली आहे, असे वाटावे. याचे कारण असे की, पक्ष्यांच्या विषाणूला पेशीवर पकड घेण्यासाठी जी जागा लागते, ती गाईच्या कासेत विपुल असते. म्हणून विषाणू श्वासापेक्षा दुधातच अधिक सापडतो आणि धार काढण्याच्या यंत्रावाटे एका सडातून दुसऱ्या सडात जातो. तेथील गोठ्यांवर कच्चे दूध प्यालेली मांजरे मेली आणि सुमारे ४० दूधकामगारांना संसर्ग झाला. मात्र ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापवलेल्या दुधात हा विषाणू जिवंत राहत नाही. दूध उकळून त्यावर साय धरू देणारी आपल्याकडील गृहिणी या बाबतीत निर्धास्त असावी. धारोष्ण दुधाचे गोडवे गाणाऱ्यांनी मात्र थोडा विचार करावा.

या रोगाविषयी भारतात अखेरचा शब्द भोपाळचा असतो. तेथील प्रयोगशाळा प्रथम भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा एक भाग होती. २०१४ पासून ती राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थान म्हणून स्वतंत्रपणे काम करीत आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा देशातील पहिल्या बर्ड फ्लूचे निदान याच प्रयोगशाळेने केले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या दगावले. त्यांच्या शरीरातील विषाणूही भोपाळनेच ओळखला. पाठोपाठ २०२५ च्या आरंभी छिंदवाड्यातील पाळीव मांजरांत तो आढळला. म्हणजे पक्ष्यांकडून सस्तन प्राण्यांकडे येण्याची वाट आपल्याकडेही मोकळी आहे.

कोंबड्यांच्या बाबतीत शासनाचे धोरण ठरलेले आहे. रोग दिसला की भोवतालच्या एक किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट करायचे, मालकास भरपाई द्यायची. नवापूरने हा प्रसंग २००६ नंतर २०२१ मध्येही पाहिला. गाईच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी बऱ्या होऊ शकणाऱ्या जनावराचा बळी देण्यास कोणता शेतकरी धजेल? म्हणून गाईच्या लसीचा विचार अमेरिकेपेक्षा भारताला अधिक निकडीचा ठरू शकतो.

अशी लस बनवणे अशक्य नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये गाईंवरील पहिल्या मैदानी चाचणीस परवानगी मिळाली. अडचण निराळीच आहे. मानेत टोचलेल्या लसीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. पण रणभूमी आहे कासेत. तेथे ती पुरेशी पोहोचली नाहीत, तर गाय वरून धडधाकट दिसेल आणि तिच्या दुधातून थोडा थोडा विषाणू जातच राहील. रोग दिसत होता तेव्हा निदान मालक सावध तरी होता! शिवाय लस दिलेल्या व रोग झालेल्या, अशा दोन्ही गाईंच्या रक्तात प्रतिपिंडे आढळणार. मग खरी रोगी कोणती? यावर तोड म्हणजे विषाणूचे एकच प्रथिन घेऊन लस करणे. मग इतर प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे दिसली, तर ती रोगाचीच खूण समजता येते.

बुळकांडीचा इतिहास येथे आठवतो. लाखो गुरे मारणारा तो रोग लसीने हटला. पण तो खरोखर गेला की नाही, हे कळण्यासाठी भारताला लसीकरण थांबवून गोठोगोठी तपास करावा लागला. २००६ मध्ये देश त्यातून मुक्त ठरला, २०११ मध्ये सारे जग. लस आणि पहारा, दोन्ही हातात हात घालून चालले म्हणूनच हे साधले. आज बुळकांडीचे उरलेसुरले विषाणू सुरक्षित ठेवण्याची आंतरराष्ट्रीय मान्यताही २०२५ मध्ये भोपाळच्याच संस्थेला मिळाली आहे.

परदेशी लस जशीच्या तशी आणूनही भागणार नाही. छिंदवाड्याच्या मांजरांतील विषाणू अमेरिकेतील गाईंच्या विषाणूहून वेगळ्या शाखेचा होता. इथल्या विषाणूवर बेतलेली लस इथेच व्हावी लागेल. त्या कामाचा पाया अगदीच नाही असे नाही : कोंबड्यांतील एच९एन२ या सौम्य फ्लूवरील लस भोपाळने सिद्ध केली आणि २०२२ मध्ये तिचे तंत्र उत्पादकांच्या हाती दिले.

तोवर पहारा ठेवायचा कोणी? दूध घट्ट-पिवळे झाले की आपला शेतकरी त्याला दगडी म्हणतो, आणि बहुधा ती दगडीच असते. परंतु एकाच वेळी तीन-चार गाईंचे दूध आटले, जवळपास कावळे वा कोंबड्या मेल्या, किंवा गोठ्यातले मांजर अडखळत चालू लागले, तर पशुवैद्यास त्याच दिवशी बोलावून दुधाचा नमुना द्यावयास हवा. आता नमुना दिला की संकलन केंद्र दूध घेणार नाही, ही त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये रोगामुळे बुडालेल्या दुधाची भरपाई सुरू केली, ती याच कारणाने. आपल्याकडे लसीची चर्चा होईल तेव्हा या भरपाईची चर्चा तिच्या आधी व्हावी. कारण तिच्यावाचून दुधाची ती बाटली भोपाळपर्यंत पोहोचणारच नाही.