जीपगाडीखालीं इंधनाची जादा टाकी

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याकरितां निर्माण झालेली जीप, आज महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस जोडावयास घेतली, आणि पुढें ती वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. चारही चाकांस एंजिनाची गती मिळत असल्यामुळें काळ्या जमिनीच्या चिखलांतून हें वाहन चांगलें निभावतें. पण त्याच कारणानें इंधनही अधिक लागतें. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल या वाटेनें धारणीकडे जाणारास, किंवा ऐन हंगामांत पंपावर वारंवार जाण्याची सवड नसणारास, गाडीखालीं एक जादा टाकी असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु हें काम जितकें सोपें दिसतें तितकें नाहीं. मूळच्या लष्करी जीपमध्यें सुमारें ५७ लिटरांची टाकी चालकाच्या आसनाखालीं, दगडधोंड्यांपासून दूर ठेविलेली असे. टाकी गाडीच्या पोटाखालीं आणिली कीं तें संरक्षण नाहींसें होतें.

प्रथम कायद्याकडे पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं. याकरितां अमरावती अगर अकोला येथील परिवहन कार्यालयांत आधीं विचारणा करावी, व विमा कंपनीसही कळवावें. नाहीं तर अपघातसमयीं भरपाईविषयीं तंटा उद्‍भवतो.

जागा निवडतांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. टाकी आंसाच्या सर्वांत खालच्या भागापेक्षां खालीं येऊं नये. गाडी खड्ड्यांत आदळून आंस पुरता वर आला असतांही तो टाकीस लागूं नये. प्रोपेलर शाफ्टचा सांधा तुटल्यास फिरता दांडा टाकीवर आपटेल अशी जागा टाळावी. सायलेन्सर व त्याची नळी निदान १० सेंटिमीटर दूर असावी, आणि मध्यें पत्र्याचा आडपडदा असावा. आपल्या शेतांत कापणीनंतर उरणारे तुरीचे व पऱ्हाटीचे खुंट भाल्यासारखे टोकदार असतात; म्हणून टाकीखालीं जाड लोखंडी पत्रा बसविणें अवश्य आहे. मात्र त्यावर वाळलेला पाला व काडीकचरा सांचून राहूं देऊं नये.

आतां बांधणीचा विचार करूं. ६० लिटर डिझेलचें वजन सुमारें ५० किलो भरतें, व गाडी उसळतांना त्याचा हिसका कित्येक पट होतो. म्हणून टाकी बॉडीच्या पत्र्यास कदापि लटकावूं नये. ती चासीसच धरावी. चासीच्या वरच्या व खालच्या पाळीवर सर्वांत अधिक ताण असतो; तेथें भोंक पाडूं नये. असलेलींच भोंकें वापरावीं, अगर उभ्या अंगास पाडावीं. रुंद पोलादी पट्टे, त्यांखालीं जाड रबर, व न सैलावणाऱ्या चाक्या वापराव्या. टाकीच्या आंत आडव्या भिंती असाव्या, म्हणजे वळणावर व घाटांत तेल एका बाजूस धांवत नाहीं. रबरामुळें टाकी चासीपासून विजेच्या दृष्टीनें तुटते. याकरितां दोहोंस तारेनें जोडावें.

अकोल्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तपमान २० अंशांनीं वाढल्यास १०० लिटर पेट्रोल सुमारें दोन लिटरांनीं फुगतें. सबब टाकी कांठोकांठ भरूं नये, आणि हवेची नळी वर उंच नेऊन गाडी उलटल्यास बंद होणारी झडप तीस बसवावी. डिझेल एंजिनांतून कांहीं तेल परत येतें; ज्या टाकींतून तेल घेतलें त्याच टाकींत तें परत गेलें पाहिजे, नाहीं तर एक टाकी रिकामी होते व दुसरी भरून वाहते. पेट्रोलमध्यें हल्लीं इथेनॉल मिसळलेलें असल्यामुळें त्यास टिकणाऱ्याच रबरी नळ्या घ्याव्या. डिझेलच्या टाकीस आंतून जस्ताचा मुलामा नसावा.

जुनी टाकी आणून तिला वेल्डिंग करण्याचा मोह अनेकांस होतो. तो प्राणघातक आहे. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक भयंकर. कारण तिच्यांत वाफ व हवा यांचें स्फोटक मिश्रण असतें. नवी टाकी तयार झाल्यावर तींत थोड्या दाबाची हवा भरून साबणाचें पाणी लावावें व बुडबुडे पाहावे. कांडी ओढून गळती शोधूं नये.

शेवटीं निगेसंबंधीं. काळी माती टाकीस चिकटून ओल धरते, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीच्या पाण्यानें गाडी धुतल्यास गंज लवकर चढतो. तेथें शेवटची धुलाई गोड्या पाण्यानें करावी. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पट्टे, बोल्ट व नळ्या तपासाव्या. ज्यांस लांबचा प्रवास वर्षांतून दोनचार वेळांच घडतो, त्यांनीं टाकीच्या खर्चांत न पडतां वाटेंतील पंपांचा हिशेब करूनच निघावें, हें उत्तम. ज्यांस टाकी खरोखर हवी, त्यांनीं ती जाणत्या कारागिराकडून व परवानगीनेंच बसवावी. कारण त्या गाडींत आपलीं मुलेंमाणसेंही बसत असतात.