घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही? आधी हे तपासा

नारायण पेठेतला आमचा जुना वाडा पाडायच्या आधी मी त्याचे भरपूर फोटो काढले होते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, त्याचाच सर्व्हर केला आणि फोटो त्यावर ठेवले. घरात मोबाइलवर सगळं झकास दिसायचं. पण आजी नागपूरला आत्याकडे गेली आणि तिकडून वाडा बघायला बसली, तर काही उघडेचना! मी दोन रात्री राउटरशी झटापट केली. चूक सर्व्हरची नव्हतीच.

तुमचंही असं होत असेल तर दिसेल ती सेटिंग बदलत सुटू नका. घरातून बाहेर, एकेक पायरी तपासा.

१. घरातल्या घरात
फोन घरच्या वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये सर्व्हरचा लोकल पत्ता टाका, उदा. १९२.१६८.१.५० आणि पुढे पोर्ट नंबर. इथेच उघडत नसेल तर दोष घरातच आहे. लाइट जाऊन आल्यावर राउटरने सर्व्हरला नवा पत्ता दिलेला असू शकतो. राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' करा, म्हणजे पत्ता बदलणार नाही. फोन गेस्ट वायफायवर नाही ना आणि सर्व्हरची फायरवॉल तो पोर्ट अडवत नाही ना, हेही बघा.

२. घराबाहेरून
वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा. घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून केलेली टेस्ट फसवी असते. काही राउटर ती चालू देतात, काही देत नाहीत.

३. पत्ता खरंच तुमचा आहे का?
राउटरच्या स्टेटस पानावरचा 'वॅन आयपी' लिहून घ्या. मग वायफायवर गुगलला 'माझा आयपी काय' असं विचारा आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही आकडे वेगळे आले आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही 'सीजीनॅट'च्या मागे आहात. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही देतात.

आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा २०११ मध्येच जवळपास संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. पाकिटावर घरनंबर न घालता नुसतं 'नारायण पेठ, पुणे ३०' लिहिलं तर पोस्टमन पत्र कुणाला देणार? तसंच हे. अशा वेळी घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, बाहेरची विनंती तिथपर्यंत पोचतच नाही.

मग उपाय काय?
• कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. बहुतेक वेळा जादा पैसे पडतात.
• आयपीव्ही६ मिळत असेल तर सर्व्हरला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. मात्र दोन्ही टोकांना आयपीव्ही६ लागतं आणि राउटरमध्ये फक्त हवा तोच पोर्ट उघडावा लागतो.
• टेलस्केलसारखं व्हीपीएन सर्व्हरवर आणि फोनवर टाका. पोर्ट उघडायची गरजच नाही.

वैतागून फायरवॉल बंद करू नका, 'डीएमझेड' चालू करू नका. उघडे पोर्ट शोधणारे बॉट इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात आणि आत आपले घरचे फोटो असतात.

मी तिसरा उपाय केला. आत्याच्या फोनवर ॲप टाकायला दहा मिनिटं लागली. त्या रात्री आजीने वाड्याचा चौक दोनदा झूम करून बघितला.