मेंदूला भारतीय मोजपट्टी हवी

मेंदूच्या संशोधनात एखाद-दुसऱ्या एमआरआय प्रतिमेवरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाहीत. प्रत्येक मेंदूचा आकार आणि त्यावरील वळ्या वेगळ्या असतात. म्हणून संगणकप्रणाली प्रत्येक प्रतिमा ताणून-आवळून एका प्रमाण मेंदूच्या साच्यात बसवते आणि मगच तुलना सुरू होते. हा प्रमाण मेंदू कुणाचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक धोरणाचा आहे.

तालैराक आणि तूर्नू यांचा १९८८ चा मेंदूचा नकाशा दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तो साठ वर्षे वयाच्या एका फ्रेंच महिलेच्या मेंदूवर बेतलेला होता. पुढे माँट्रियलमधील मज्जाविज्ञान संस्थेने १५२ व्यक्तींच्या प्रतिमांची सरासरी काढून साचा घडवला आणि तो जगभर रूढ झाला. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी १०० भारतीय तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून स्वतंत्र साचा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी आणि घनफळ पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी आढळले. याचा बुद्धिमत्तेशी संबंध लावण्याचे कारण नाही. निदानाशी मात्र तो आहे. स्मृतिभ्रंशात मेंदू आकसतो. तो किती आकसला हे ठरवताना मूळ मापच परके असेल, तर निरोगी वृद्ध आजारी ठरू शकतो.

शंभर तरुणांच्या प्रतिमांवरून सत्तरीतील माणसाचे माप काढता येत नाही. त्यासाठी सर्व वयोगटांतील, सर्व प्रांतांतील हजारो प्रतिमा एकत्र याव्या लागतील आणि हे काम कोणत्याही एका रुग्णालयाच्या आवाक्यातले नाही. अमेरिकेत अल्झायमरविषयक प्रतिमांचा सामायिक प्रकल्प २००४ मध्येच सुरू झाला. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँके’ने २०१४ पासून एक लाख व्यक्तींच्या प्रतिमा काढण्याचे काम हाती घेतले. ही विदा अर्ज करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना मिळते. आपला अभ्यासक ब्रिटिश वृद्धांचे मेंदू अभ्यासू शकतो. शेजारच्या राज्यातील रुग्णालयाकडे असलेल्या प्रतिमा त्याला मिळतीलच असे नाही.

खुल्या विदेमुळे संशोधनाची साधनेही तपासली जातात. २०१६ मध्ये स्वीडन आणि ब्रिटनमधील संशोधकांनी खुल्या संग्रहातील ४९९ निरोगी व्यक्तींच्या प्रतिमा घेऊन तीन प्रचलित संगणकप्रणालींची परीक्षा घेतली. पाच टक्के फसवे निष्कर्ष अपेक्षित असताना काही पद्धतींत त्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. एका प्रणालीत तर पंधरा वर्षे दडून राहिलेली चूक सापडली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकच विदा ७० गटांना देण्यात आली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची रीत सारखी नव्हती आणि निष्कर्षांतही लक्षणीय तफावत होती. विदा कुलूपबंद असती, तर हे कळलेच नसते.

मात्र ‘सगळे खुले करा’ हे यावरचे उत्तर नव्हे. डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहराही उमटतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या प्रतिमांवरून चेहरे उभे केले, तेव्हा चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीने त्यांतील ७० जण अचूक ओळखले. म्हणजे केवळ नाव पुसल्याने माणूस अनाम होत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ संशोधनाला काही अटींवर सवलत देतो; पण कायद्याची सवलत ही रुग्णाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे भारताच्या भूमापनाची आठवण होते. लॅम्टनने मद्रासजवळ १८०२ मध्ये पायारेषा मोजली. त्यातून उपखंडाचा अचूक नकाशा आकारला. तो राज्यकर्त्यांच्या गरजेसाठी होता. स्वातंत्र्यानंतरही नकाशांवरील निर्बंध टिकले आणि भारतीय संस्थांसाठी ते मोठ्या प्रमाणावर सैल व्हायला २०२१ उजाडले. जनतेच्या पैशातून जमलेली माहिती दप्तरात सांभाळणे म्हणजेच कर्तव्य, ही वृत्ती मी शासनसेवेतही जवळून पाहिली आहे. मेंदूच्या बाबतीत तिला इतका अवधी देणे परवडणारे नाही.

अनुकरणीय उदाहरण घरातच आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय विदा फरिदाबादच्या भारतीय जैवविदा केंद्रात ठेवण्यात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती नियमबद्ध रीतीने संशोधकांना उपलब्ध करण्यात आली. मद्रास आयआयटीने गर्भावस्थेतील मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशा सर्वांसाठी विनामूल्य ठेवला आहे. याच वाटेने मेंदूच्या प्रतिमांचा राष्ट्रीय संग्रह उभारता येईल. त्यासाठी ‘बिड्स’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फाइलींची एकसमान मांडणी, प्रतिमेतून चेहरा वगळण्याची सक्ती, रुग्णाच्या भाषेतील संमतिपत्र आणि विदा मागणाऱ्याच्या हेतूची छाननी या व्यवस्था हव्यात. शिवाय, विदा देणाऱ्या संशोधकाला बढतीच्या वेळी त्याचे श्रेय मिळायला हवे. अन्यथा कुणी ती का द्यावी? सरकारी अनुदानाच्या अटींतच ही कलमे घातली, तर नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. देशातील वृद्धांची संख्या वाढत असताना त्यांच्या मेंदूचे माप त्यांच्याच देशात ठरावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.