जिभेला हाड नसतं, म्हणूनच…

मैत्रिणींनो, पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे सुभेदार तानाजी मालुसऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्यांची समाधीही तिथंच आहे. मुलांना घेऊन तिथं गेलात, की सिंहगडाची गोष्ट सांगावीच लागते. १६७० च्या फेब्रुवारीतली ती लढाई. तानाजी पडले, मावळ्यांचा धीर खचला, ते दोरांकडे धावले. तेव्हा सूर्याजी आडवे आले. दोर कापून टाकल्याचं सांगून त्यांनी मावळ्यांना चांगलं खडसावलं, असं परंपरेनं आलेली कथा सांगते. माणसं मागं फिरली आणि गड हाती आला.

बोल कडूच होते ना? मग ते लागले कसे नाहीत? ‘तुम्ही लढणारी माणसं आहात’ हा विश्वास त्यांत होता, म्हणून!

नेमका हाच भेद ख्रिस्ती धर्मग्रंथात सांगितला आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू मनुष्यहत्येबद्दल बोलता बोलता, भावाला रागानं मूर्ख म्हणण्यापर्यंत येतो आणि तेही तितकंच गंभीर मानतो. वाचताना आपण दचकतो. पण विचार करा, तुच्छतेचा शब्द माणसाला आतून मारतोच की! याकोबाच्या पत्रात जिभेला जहाजाच्या सुकाणूची नि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची, त्याच तोंडानं माणसाला शिव्याशाप द्यायचे, हे त्याला मुळीच पटत नाही.

आणि चांगला शब्द? कवी नारायण वामन टिळक एकदा राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. वाद नाही, टिंगल नाही. संस्कृत काव्यावर आपुलकीनं गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्यानं बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि ‘हा वाचलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल’ अशा अर्थाचं काहीसं म्हणाला. टिळक वाचू लागले आणि ते डोंगरावरील प्रवचनापाशीच गुंतले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 

टिळकांचा निर्णय पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र फार जड गेला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढं १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो सारा काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितला आहे, तोही हसत हसवत. ज्यांच्यामुळं सोसावं लागलं, त्यांच्याबद्दलही त्यांच्या लेखणीत विखार नाही. दुपारी निवांतपणे जरूर वाचा.

आता आपल्या घरात येऊ या. ‘भाजी खारट झालीय गं’ हे सुनेला सांगायला हरकत नाही. ‘माहेरी काही शिकवलं नाही वाटतं!’ हे मात्र ती जन्मभर विसरत नाही. मुलाला गणितात कमी गुण पडले, तर रागवा, अभ्यासाला बसवा. पण ‘तुझ्या हातून काही व्हायचं नाही’ असं म्हणू नका. मूल ते खरं मानतं. आणि बोलून गेलातच, तर ‘चुकलं माझं’ म्हणायला संध्याकाळ होऊ देऊ नका. आईनं असं म्हटलं, की मूलही तसं म्हणायला शिकतं.

राग आला, की एकच पाहा: आपण चुकीबद्दल बोलतोय, की माणसाची किंमत काढतोय? चुकीबद्दल असेल तर खुशाल बोला. किंमत काढणं असेल, तर दूध उतू जातंय असं समजून आत निघून जा!