आतड्याची वंशावळ

कर्करोगाबद्दल बोलताना ‘दुर्मीळ’ हा शब्द फार सहज वापरला जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा एक ठरलेला साचा आहे. साठीच्या पुढचा माणूस, आतड्याच्या अस्तरावर दहाएक वर्षे सावकाश वाढलेला कोंब आणि त्याची झालेली गाठ. या साच्यात जे बसत नाही, ते दुर्मीळ. पण हा साचा युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून घडला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३-१४ मधल्या वर्षभराच्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचे सरासरी वय ४७ निघाले. ‘सिग्नेट रिंग’ नावाचा जो प्रकार पाश्चात्त्य पुस्तकांत शंभरात एखादा सांगितला जातो, तो या रुग्णांत शंभरात तेराच्या आसपास होता. टाटाकडे अवघड रुग्ण जास्त जातात, हे खरे. तेवढी सूट दिली तरी फरक उरतोच.

मी पॅथॉलॉजिस्ट. निवृत्त होईपर्यंतचे आयुष्य काचपट्ट्या पाहण्यात गेले. सिग्नेट रिंग पेशी एकदा पाहिली की विसरता येत नाही. पेशीच्या आत श्लेष्माचा थेंब साठतो, फुगतो आणि केंद्रकाला कडेला ढकलून चेपून टाकतो. खडा बसवलेल्या अंगठीसारखी ती दिसते. या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, एकेकट्या अस्तराखालून सरकत जातात. आतड्याची भिंत ताठ होते, पण वरचे अस्तर पुष्कळदा शाबूत दिसते. त्यामुळे दुर्बिणीतून घेतलेला वरवरचा तुकडा निर्दोष येऊ शकतो. खोलवरचे तुकडे पुन्हा मागावे लागतात, आणि तसे मागताना सर्जनची नाराजी सोसावी लागते. पेट स्कॅनवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण श्लेष्माने भरलेली गाठ त्यातली साखर फारशी शोषत नाही.

हा रोग यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या आवरणावर जास्त पसरतो. त्यासाठी दिसेल ते सगळे काढून ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेले औषध पोटात फिरवण्याची शस्त्रक्रिया हल्ली गाजते आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत मात्र त्या गरम औषधाने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. जे साधते ते कसून केलेल्या शस्त्रक्रियेने. जाहिरात वाचताना एवढे ध्यानात असावे.

न्यूरोएंडोक्राइन नावाचा आणखी एक वेगळा प्रकार आहे. त्याच्यावरच्या किरणोत्सारी उपचारासाठी लागणारे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि परळला रुग्णांना दिले जाते. मुंबईकरांना याचा पत्ता नसतो. पण मला सविस्तर लिहायचे आहे ते घराण्यातून उतरणाऱ्या कर्करोगाबद्दल.

गोरेगाव पूर्वेला आरे कॉलनीच्या कडेला मी राहते. शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली ही दूध वसाहत वसवली गेली. वारल्यांचे पाडे त्याआधीपासूनचे. अशाच एका पाड्यातली बाई पावसाळ्यात माझ्याकडे शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन येते. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय चौतीस. तिला धाप लागायची, चेहरा पांढराफटक. रक्त कमी म्हणून वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू होत्या. पाळीत जास्त जात असेल, असे सगळ्यांनी धरून चालले होते. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठीतून रक्त झिरपते ते शौचात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. शेवटी पोटात गोळा हाताला लागला, तेव्हा दुर्बीण घातली गेली.

कागद घेऊन ती माझ्याकडे आली. ‘घरात कर्करोग’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिले होते. मी विचारले, आई कशाने गेली?

“पिशवी सडली होती बाई. अंगावरून जायचं.”

वय? “चाळीसची नसंल.”

आणि मामा? “पोट फुगून गेला. करणी केली म्हणत होते.”

‘कर्करोग’ हा शब्द त्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. मग रकान्यात तो येणार कसा? मी कागदाच्या मागे तीन पिढ्यांची वंशावळ काढली. गर्भाशय आणि मोठे आतडे हे दोन अवयव एकाच घराण्यात, तेही पन्नाशीच्या आत, पुन्हा पुन्हा दिसले की एकच नाव आठवते.

त्या नावाचा इतिहासही अशाच एका बाईपासून सुरू होतो. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की आमच्या घरातले सगळे अशाच रोगाने जातात, मीही जाणार. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये तिच्या घराण्याची हकिकत छापली. पुढे १९६६ मध्ये हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन घराणी मांडली. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. आतड्याच्या कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात तीनच्या आसपास आहे.

त्यातला बिघाड दिवाळी अंकाच्या वाचकांना चटकन समजेल. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या शोधणारे मुद्रितशोधक पेशीत असतात. त्यांतली चार प्रथिने महत्त्वाची, आणि ती जोडीने काम करतात. एमएसएच-२ नसेल तर त्याचा जोडीदार एमएसएच-६ सुद्धा टिकत नाही. गाठीच्या तुकड्यावर या चार प्रथिनांचे रंग चढवून पाहायचे, एवढीच तपासणी. या बाईच्या पट्टीवर शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी उमटल्या होत्या आणि गाठीच्या जागी या दोघांचा रंगच नव्हता. आतड्याच्या प्रत्येक कर्करोगात ही तपासणी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. वय, घराणे काही न बघता.

कारण तिच्यावर उपचार ठरतात. या बाईची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली, लसीकाग्रंथी स्वच्छ होत्या. अशा दुसऱ्या टप्प्यात, मुद्रितशोधक नसलेल्या गाठीला फ्लुरोयुरॅसिल या नेहमीच्या औषधाचा एकट्याने उपयोग होत नाही. तिची केमोथेरपी वाचली. रोग पसरलेला असता, तर याच बिघाडाचा फायदा घेता आला असता. चुकांनी भरलेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना परकी दिसते, त्यांना मोकळे सोडणारे औषध मिळाले की ते तुटून पडतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असा बिघाड असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले बारा रुग्ण जाहीर केले. बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली होती. अशा औषधांचा खर्च मात्र लाखांत जातो.

लिंच असलेल्यांत कोंबाचा कर्करोग व्हायला दहा वर्षे लागत नाहीत, दोन-तीन पुरतात. म्हणून विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची आणि कोंब दिसला की काढून टाकायचा. भावंडांत प्रत्येकाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी. धाकट्या बहिणीच्या रक्तात तो सापडला.

तिला तारीख मिळाली आणि ती गेलीच नाही. भीती असेल, अडाणीपणा असेल, असे सगळ्यांनी म्हणून घेतले. मी पाड्यात जाऊन विचारले. तपासणीआधी आतडे धुऊन निघावे म्हणून दोनेक लिटर औषधी पाणी प्यायचे असते आणि मग दहा-बारा वेळा संडासला जावे लागते. छापील सूचनेत लिहिले होते, रात्री आठला सुरू करा. पाड्याचा संडास सामायिक, घरापासून लांब, वाटेवर दिवा नाही. आरेत अंधार पडल्यावर बिबटे फिरतात. २०२२ च्या दिवाळीत एक तान्ही मुलगी बिबट्याने नेली, ते तिथे कुणी विसरलेले नाही.

तोड साधी निघाली. तपासणीची वेळ दुपारची मागून घेतली, तर औषध त्याच दिवशी सकाळी घेता येते आणि आतडे तितकेच स्वच्छ होते. ती उजाडल्यावर माझ्या घरी आली, दुपारी आम्ही रिक्षाने गेलो. उजव्या बाजूला एक कोंब होता. तिथल्या तिथे काढला.

भावाने अजून रक्त दिलेले नाही. लग्न ठरू दे, मग बघू, म्हणतो. तो सव्वीस वर्षांचा आहे.