मनीप्लँटची बशी आणि डास

भोरला आमच्या बैठकीच्या खोलीतला मनीप्लँट पावसाळ्यात पिवळा पडू लागला. तहानला असेल म्हणून मी रोज तांब्याभर पाणी घालत गेलो. चुकलेच! भोर-वेल्ह्याकडच्या दमट हवेत घरातल्या कुंडीची माती लवकर वाळत नाही. शेवटी कुंडी उचलली, तर खालच्या बशीत वळवळणाऱ्या अळ्या! डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अशाच साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, आणि ते चावतात दिवसा. नुसते पाणी ओतून भागत नाही. बशीला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून आठवड्याला बशी घासूनच काढावी.

झाडाची मुळे काळी पडून कुजली होती. ती कापली, वाळू मिसळलेल्या मातीत वेल पुन्हा लावली, खिडकीजवळ उजेडात ठेवली. आता मातीत बोट खुपसतो. पेरभर कोरडी लागली तरच पाणी. तीन आठवड्यांनी नवे पान आले.

घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. अळूत असतात तसेच सुईसारखे स्फटिक या पानातही असतात. चावले की तोंडाची आग होते. अळूला निदान आपण चिंच घालून शिजवतो!